थंडीसाठी एक बिनफ्रीव्हीलची सायकल

नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या सायकल दुकानाच्या ओट्यावर मिस्त्रींनी माझ्या मागच्या चाकाचे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दात्यांची चकती) सोडवून हातात घेतले, सवयीने अंगठ्याने उलटे फिरवून त्याची टिकटिक ऐकली आणि मग मान वर करून विचारले, "भाऊ, लोकं गिअर वाढवाले येतात, तुम्ही तर आहे तेही काढाले आले. उतारावर काय करान?" मी म्हणालो, "पायडल मारत राहीन." ते हसले नाहीत. हातातले फ्रीव्हील त्यांनी रॉकेलच्या डब्यात टाकले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "मंग सायकलच तुम्हाले चालवन, तुम्ही सायकलले नाही." एवढे बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंक्चरकडे वळले, आणि मी मात्र ते वाक्य डोक्यात घेऊन महालमार्गे घरी आलो. ते टोचत राहिले, कारण यंत्राच्या दृष्टीने त्यात एका अक्षराचीही चूक नव्हती.

फिक्स्ड गिअरच्या सायकलीत मागची दात्यांची चकती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, कायमची घट्ट बसवलेली असते. चाक फिरत आहे तोवर चेन फिरणार, चेन फिरत आहे तोवर पायडल फिरणार, आणि पायडलवर पाय आहेत तोवर पायांची सुटका नाही. उतार असो, वळण असो, गतिरोधक असो, पाय थांबवण्याची सोय नसते. पायडलवर मागच्या दिशेने जोर दिला की वेग कमी होतो, म्हणजे पाय हाच मागचा ब्रेक. ही काही नवी टूम नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रूढ होईपर्यंत सगळ्या सायकली अशाच होत्या. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेल्युअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्याआधी घाट आला की खाली उतरायचे, मागचे चाक सोडवून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चढ चढायचा, अशी रीत होती. इंग्लंडमधल्या सायकल क्लबांत तर हिवाळ्यात मुद्दाम फिक्स्ड चालवण्याची परंपरा दीर्घकाळ टिकली. तिकडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, चिखल आणि ओल असते, नाजूक गिअर त्यात खराब होतात. म्हणून चांगली सायकल घरात ठेवायची आणि एक चेन, एक चकती, मडगार्ड लावलेली साधी सायकल रस्त्यावर काढायची. बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते, आणि पाय सतत फिरत राहिल्याने वसंतातल्या शर्यती येईपर्यंत ते गोलाकार, न अडखळता फिरायला शिकतात.

नागपूरला यातले काहीच लागू होत नाही, हे मला ठाऊक होते. आपल्याकडे ना बर्फ, ना मीठ. आपला हिवाळा कोरडा, स्वच्छ उन्हाचा आणि अपुरा. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्याची आठवण लोक अजून कौतुकाने काढतात. पण एरवी पहाटेचे दहा-बारा अंश हीच आपली थंडी, आणि तीही संक्रांतीनंतर काढता पाय घेते. उरलेले वर्ष उन्हाळा आणि पावसाळा वाटून घेतात. ज्या गावात मे महिन्यात सकाळी आठनंतर हँडल धरवत नाही, तिथे लांबवर सायकल चालवण्याचा हंगाम हिवाळा हाच. तिकडचे लोक हिवाळा सोसण्यासाठी फिक्स्ड वापरत. मला ती आमच्या मोजक्या चांगल्या दिवसांसाठी हवी होती. कारण विचाराल तर एकच: गिअरच्या सायकलीवर काटोल रोडने जाताना माझा अर्धा जीव कोणता गिअर बरा याच्या हिशेबात अडकलेला असे, आणि प्रत्येक उतारावर पाय थांबवून बसल्यामुळे गुडघे गारठून जात. पुन्हा पायडल मारायला लागताना ते कुरकुरत. सतत फिरणारे पाय सतत गरम राहतात, हे फिक्स्डचे सर्वांत साधे समर्थन आहे आणि पहाटे साडेपाचला तेवढे पुरते.

हे शहर सायकलीला नवखे नाही. इथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि आज फुटाळा तलावावर किंवा वर्धा रोडवर पहाटे गेलात तर कार्बनच्या सायकलींचे थवे दिसतात. दुकानेही बरीच आहेत. मात्र परवडणारी फिक्स्ड मागितली की दोनच गोष्टी समोर येतात. एक तर, "ही घ्या, एकवीस गिअर, त्याच भावात," असे म्हणून विक्रेता नव्या सायकलीकडे बोट दाखवतो, कारण कमी वस्तूंसाठी तेवढेच पैसे कोणी का द्यावेत हे त्याच्या हिशेबात बसत नाही. नाही तर समोर येते ती तरुणांच्या हौसेची तयार सायकल: पोपटी रिम, गुलाबी चेन, आखूड हँडल आणि ब्रेकचा पत्ता नाही. ती चालवण्यासाठी बनवलेली नसते, छायाचित्रासाठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा रंगीत भाग काढून टाकला तर खाली जे उरते ते बहुधा जड आणि ढिले असते. म्हणून मग स्वतः बांधून घ्यायचे ठरले, आणि बांधायला बसल्यावर कळले की स्वस्तातल्या सायकलीत पैसा कुठे वाचवायचा यापेक्षा कुठे वाचवायचा नाही हा प्रश्न अवघड आहे.

सांगाडा स्वस्त मिळाला. जुन्या, सरळ दांडीच्या, शू-ब्रेकच्या २८ इंची स्टीलच्या सायकली भंगारवाल्यांकडे अजून सापडतात. वर गंज दिसतो, आतली नळी शाबूत असते. फिक्स्डसाठी अशा सांगाड्यात एकच गोष्ट आधी पाहायची: मागच्या चाकाची खाच आडवी हवी. फिक्स्डला चेनचा ताण राखणारा स्प्रिंगचा हात लावता येत नाही, त्यामुळे चाक मागेपुढे सरकवूनच चेन ताणावी लागते, आणि नव्या गिअरवाल्या सांगाड्यांच्या उभ्या खाचेत ते जमत नाही. दुसरी गोष्ट सांगाडा सरळ आहे की नाही. त्यासाठी एक दोरा पुरतो. हँडलखालच्या नळीवरून दोरा घेऊन दोन्ही बाजूंनी मागच्या खाचांपर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून डावीकडचे व उजवीकडचे अंतर मोजायचे. भंगारवाला माझ्याकडे संशयाने पाहत असताना मी हा उद्योग तीन सांगाड्यांवर केला, आणि ज्याचा रंग सर्वांत वाईट होता त्याची मापे सर्वांत चांगली निघाली. फिक्स्डच्या हबला मागे १२० मिलिमीटर जागा लागते. माझ्या सांगाड्यात थोडी कमी होती, पण स्टील असल्याने ती हळूच फाकवता आली. ॲल्युमिनियमला असे करणे म्हणजे तडा मागून घेणे.

आणि मग हब. इतवारीच्या मिस्त्रींनी त्या दिवशी निघता निघता सुचवले होते की, एवढीच हौस असेल तर फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून देतो, चहाच्या पैशांत काम होईल. हे गावोगाव करतात आणि दिसायला सायकल फिक्स्ड होते सुद्धा. यातली ग्यानबाची मेख आट्यांमध्ये आहे. फ्रीव्हील हबवर उजव्या, म्हणजे उजवीकडे फिरवले की आवळणाऱ्या, आट्यांनी बसते. पुढे पायडल मारले की ते अधिकाधिक घट्ट होते. पण फिक्स्डवर आपण मागेही जोर देतो, आणि त्या प्रत्येक जोराने ते सुटायच्या दिशेने ढकलले जाते. ज्या क्षणी वेग कमी करायचा आहे नेमक्या त्याच क्षणी चकती हबवरून सुटून मोकळी फिरू लागणे, याच्याइतका वाईट मुहूर्त दुसरा नाही. खऱ्या फिक्स्ड हबवर म्हणून आट्यांच्या दोन पायऱ्या असतात: मोठ्या व्यासाच्या उजव्या आट्यांवर चकती, आणि तिच्या बाहेर किंचित कमी व्यासाच्या डाव्या आट्यांवर लॉकरिंग, म्हणजे तिला अडवणारे कडे. चकती उलटी सुटू पाहते तेव्हा तिच्याबरोबर फिरू पाहणारे लॉकरिंग आपोआप आवळले जाते. एवढ्याशा कड्यात, त्याच्या उलट्या आट्यांत, या सायकलीची सगळी सुरक्षितता आहे. साध्या हबवर क्रँकच्या अक्षाच्या वाटीचे लॉकरिंग आवळूनही काही जण काम भागवतात, पण त्याचे आटे उजवेच असल्याने ते चकतीला नुसते धरून ठेवते, अडवत नाही. मी हबवर पैसे वाचवले नाहीत. दोन्ही बाजूंना आटे असलेला, एकीकडे फिक्स्ड आणि दुसरीकडे फ्रीव्हील बसेल असा हब मागवला.

तो घेऊन पुन्हा त्याच ओट्यावर गेलो तेव्हा मिस्त्रींनी लॉकरिंग हातात घेऊन उजवीकडे फिरवले, ते सुटले. डावीकडे फिरवले, ते बसले. "उलटी चुडी," ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाकडे पाहिले नाही. नवा अडसर छिद्रांचा निघाला. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. माझा हब ३६ छिद्रांचा. म्हणजे जुनी मागची रिम बाद. सातशेच्या मापाची ३६ छिद्रांची ॲल्युमिनियमची रिम घ्यावी लागली, आणि ती जुन्या चाकापेक्षा किंचित लहान असल्याने ब्रेकचे शू खाली सरकवावे लागले. चाक बांधताना मात्र मिस्त्री खूश झाले. गिअरच्या चाकात चकत्यांना जागा देण्यासाठी उजव्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या कराव्या लागतात आणि दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही. या हबच्या दोन्ही कडा मध्यापासून सारख्या अंतरावर, त्यामुळे डावी-उजवी तार एकाच ताणाची. त्यांनी तारा नखाने छेडून आवाज जुळवला, आउट काढला आणि चाक माझ्यासमोर फिरवून दाखवले. रिम आणि शू यांच्यामधली फट फिरताना जागची हलली नाही.

पुढचा सगळा भाग जुनाच ठेवला: ४४ दात्यांचे स्टीलचे चक्र आणि कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने, अक्षावर बसवलेले क्रँक (पायडलचे दांडे). कॉटर पिनला हल्ली कोणी चांगले म्हणत नाही, पण नागपुरात ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. साध्या सायकलीत ती थोडी ढिली असली तरी चालून जाते, कारण जोर एकाच दिशेने येतो. फिक्स्डवर जोर पुढे आणि मागे दोन्हीकडे येतो, आणि ढिली पिन प्रत्येक फेरीत दोनदा ठक्क करते. मिस्त्रींनी नव्या पिनची सपाट बाजू कानशीने घासायला घेतली. दोन-तीन हात मारायचे, पिन भोकात घालून पाहायची, सपाटीवर कुठे चमक येते ते उजेडाकडे धरून बघायचे, तिथेच पुन्हा घासायचे. संपूर्ण सपाटी एकसारखी चमकली तेव्हा त्यांनी क्रँकखाली लोखंडी नळी टेकवली, वरून हातोडीचे नेमके चार घाव घातले आणि मग नट आवळला. नट आधी आवळून पिन ओढून बसवायचा प्रयत्न केला तर आटे जातात, असे त्यांनी हातोडी खाली ठेवता ठेवता सांगितले. दोन दिवस चालवून परत या, पुन्हा एकदा ठोकून देतो, हेही सांगितले. पैसे द्यायला लागलो तर म्हणाले, "नंतर द्या, आधी पडून तर पाहा."

चकती किती दात्यांची घ्यावी यावर मी जितका वेळ घालवला तितका बाकी कशावरही नाही. फिक्स्डमध्ये निवड एकदाच करायची असते आणि नंतर ती आपल्याला हिवाळाभर पाळावी लागते. गिअर मोजतात तो इंचांत: पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. ४४ ला १६ घेतले तर गिअर ७४ इंचांच्या आसपास जातो. सपाट रस्त्यावर छान, पण समोरून वारा आला की मांड्या भरून येतात. १८ घेतले तर ६६. सेमिनरी हिल्सचा चढ सुखाचा, उतार मात्र पायांची भिंगरी करणारा. मी १७ घेतले. ७० इंच, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की ताशी ३० किलोमीटर, हा हिशेब लक्षात ठेवायलाही सोपा. १७ चा आणखी एक गुण आहे. मागचे चाक पायांनी रोखून घसरवले तर टायर दर वेळी ठरावीक जागीच झिजतो, आणि या जागा किती हे दात्यांच्या अपूर्णांकावर ठरते. ४४ भागिले १६ संक्षिप्त केले की ११ भागिले ४, म्हणजे चारच जागा. ४८ ला १६ असते तर तीन पूर्ण, म्हणजे एकच जागा, आणि काही आठवड्यांत तिथे टायरचे सूत दिसू लागले असते. ४४ आणि १७ यांना कोणताच सामाईक विभाजक नाही, म्हणून झीज सतरा जागी वाटली जाते. मी चाक घसरवत नाही, माझे वय ते नाही. तरीही शाळेत शिकलेला मसावि इतक्या वर्षांनी टायरच्या कामी आला याचा आनंद मला लपवता आला नाही.

ब्रेकवर मात्र माझा वाद घालायचा विचार नाही. पाय हा ब्रेक आहे हे खरे, पण तो मागच्या चाकाचा ब्रेक आहे, आणि वेग कमी होताना सगळा भार पुढे जात असल्याने मागच्या चाकाची पकड नेमकी तेव्हाच हलकी होते. ब्रिटनच्या कायद्यातही फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरला जातो आणि पुढच्या चाकाला दुसरा, स्वतंत्र ब्रेक असणे बंधनकारक आहे. मी दोन्ही चाकांना ब्रेक लावले, कारण हबच्या दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवायचे तर मागचा ब्रेक लागणारच. शिवाय नागपूरच्या पहाटेत डुकरे आणि गाई रस्ता ओलांडताना आपल्या गिअरची चौकशी करत नाहीत.

कुत्र्यांचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. आपल्याकडे सायकलमागे कुत्री लागली की लहानपणापासूनची एकच युक्ती, पाय उचलून दांडीवर घ्यायचे आणि वेगात निघून जायचे. फिक्स्डवर पाय उचलले तर पायडल रिकामी गरगरत राहतात आणि पुन्हा त्यांवर पाय ठेवणे म्हणजे चालत्या पंख्यात हात घालणे. काटोल नाक्याच्या पुढे एका टोळक्याने आमचा पाठलाग केला तेव्हा मला पाय त्यांच्या तोंडापाशी ठेवूनच पळावे लागले, आणि त्या सकाळी ताशी ४० किलोमीटरला मिनिटाला १२० फेऱ्या होतात हे मी कागदाशिवाय शिकलो. गतिरोधकावर पायडल सपाट ठेवून उभे राहता येत नाही. क्षण साधावा लागतो. वळणावर सायकल फार झुकवली तर आतला पायडल जमिनीला घासतो. सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर किंचित भार द्यायचा, मागचे चाक बोटभर उचलायचे आणि पायाच्या चवड्याने पायडल वर आणून ठेवायचा. रविनगर चौकात मी हे करतो तेव्हा शेजारचे ऑटोवाले निरखून पाहतात. एकाने विचारलेही, "काही गडबड आहे का, काका?"

थंडीत या सायकलीवर जे जाणवते ते सांगायचे तर सिमेंटच्या रस्त्यांपासून सुरुवात करावी लागेल. गेल्या काही वर्षांत शहरभर झालेल्या या रस्त्यांना ठरावीक अंतरावर सांधे आहेत. गाडीत ते कळत नाहीत, गिअरच्या सायकलीवर हातांना कळतात. फिक्स्डवर ते तळपायांना कळतात, कारण चाक आणि पाय यांच्यामध्ये सैल असे काही उरलेलेच नसते. सांधा आला की मागच्या चाकाचा वेग किंचित चुकतो आणि तो चुकल्याचा निरोप चेनमधून थेट टाचेपर्यंत येतो. रस्त्याच्या कडेला बसवलेल्या गट्टूंवर उतरलो तर मणका मोजून घ्यावा. मग गोरेवाड्याच्या बाजूला डांबर सुरू होते आणि सगळे एकदम गप्प होते. चेनची बारीक घरघर आणि कानटोपीच्या आतला आपला श्वास. फेटरीच्या पुढे काटोलकडून येणारे संत्र्यांचे टेम्पो कळमन्याच्या बाजाराकडे जाताना भेटतात आणि ते गेल्यावर थंड हवेत काही अंतरापर्यंत सालीचा आंबट-कडू वास टिकून राहतो. हा वास ओळखीचा असूनही दर वेळी नवा वाटतो. समोरून वारा असेल तर पाय मंदावतात आणि कोणताही गिअर मदतीला येत नाही. वारा पाठीशी असेल तर सायकलच पाय फिरवू लागते. मिस्त्रींचे वाक्य तेव्हा शब्दशः खरे होते, आणि ते खरे होताना बरे वाटते, ही त्यातली अडचण.

या रस्त्यांवर त्या वेळी सायकल चालवणारा मी एकटा नसतो. रात्रपाळी संपवून परतणारे सोसायट्यांचे रखवालदार असतात, पेपरवाली मुले असतात, डबा हँडलला लटकवून एमआयडीसीकडे निघालेले कामगार असतात. त्यांच्या सायकलींनाही एकच गिअर असतो, आणि त्या माझ्या सायकलीच्या सांगाड्याच्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. एका पहाटे मफलर गुंडाळलेले एक रखवालदार बराच वेळ माझ्या बरोबरीने चालले होते. वाडीच्या अलीकडच्या उतारावर त्यांनी पाय थांबवले, सायकल आपोआप धावू दिली आणि माझ्या फिरत्या पायांकडे पाहून काळजीने म्हणाले, "साहेब, तुमची चेन अडकली का? पाय थांबूनच नाही राहिले." मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमचं तर एवढ्या उतारातच बसणं होते. रातभर उभा असतो." पुढच्या फाट्याला ते वळले.

तेव्हापासून साधेपणाविषयी मी जे मनात रचले होते त्याला एक कोपरा कमी पडला आहे. कमी भाग, कमी बिघाड, रस्त्याशी थेट नाते, हे सगळे मला अजून पटते. पण माझ्या घरी दुसरी सायकल आहे, आणि फ्रीव्हील काढून टाकणे ही मी स्वतःहून घेतलेली अडचण आहे. त्या गृहस्थांच्या सायकलीतली सगळी मेहेरबानी त्या दोन बारीक खिट्ट्यांत साठवलेली आहे, ज्या पाय थांबले की दात्यांवरून टिकटिकत घसरतात. आमच्या बाबांचीही तशीच होती. सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीतून ते हिवाळ्यात अंधार पडल्यावर घरी येत, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबापाशी पायडल थांबवत. तिथून फाटकापर्यंत सायकल स्वतःच्या वेगाने येई आणि ब्रेक न लावता बरोबर फाटकाशी थांबे. ब्रेकचे रबर वाचते, असे ते सांगत. आम्हा मुलांना ती टिकटिक ऐकू आली की अभ्यासाची पुस्तके उघडायला पुरेसा वेळ मिळत असे. हे आठवले की माझ्या सायकलीच्या न टिकटिकणाऱ्या चाकाचा थोडा रागही येतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती काढतोच.

खर्चाचे विचाराल तर सगळे मिळून दहा हजारांच्या आत बसले. त्यातले तीन-चतुर्थांश पैसे हब, रिमा, टायर आणि पुढचा ब्रेक यांनी खाल्ले. सांगाडा, सीट, हँडल हे जवळजवळ फुकटात गेले, आणि रंग मी दिलाच नाही. देखभालीला आठवड्यातून काही मिनिटे लागतात, पण ती चुकवता येत नाहीत. चेन मधोमध धरून वरखाली करायची. अर्ध्या इंचाइतकी हलली तर ठीक. चक्र कधीच अगदी गोल नसते, म्हणून पायडल हळूहळू फिरवत सर्वांत ताठ जागा शोधायची आणि माप तिथेच घ्यायचे. याहून ढिली ठेवली तर उतरलेली चेन मागचे चाक जाम करू शकते. चेनच्या लॉकची क्लिप बंद टोकाने पुढे धावेल अशी आहे ना हे पाहायचे. लॉकरिंगला पाना लावून एकदा डावीकडे जोर द्यायचा. बाकी सायकल स्वतःच सांगते, कारण या रचनेत ढिले काहीही लपून राहत नाही. कॉटर, छर्रे, तार, जे सैल झाले ते त्याच दिवशी पायाला कळते.

आता पुतण्याला तशीच सायकल हवी आहे. त्याने मोबाइलवर मला पोपटी रिमेचे चित्र दाखवले, आणि काका, ब्रेक लावला की तिची शोभा जाते, असेही समजावले. रिम त्याने हव्या त्या रंगाची घ्यावी, पुढचा ब्रेक मी स्वतः बसवीन आणि पहिले दोन महिने तो हबच्या फ्रीव्हीलच्या बाजूनेच चालवील, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे. त्याची उंची माझ्यापेक्षा कमी, म्हणून सांगाडा लहान मापाचा लागेल, आणि लहान मापाचे सांगाडे भंगारात लवकर उचलले जातात. येत्या रविवारी दोरा खिशात घालून आम्ही दोघे निघणार आहोत. सेमिनरी हिल्स त्याच्या घराशेजारीच आहे, तेव्हा त्याला चकती १८ ची घ्यावी असे मला वाटते. तो १६ वर अडून बसला आहे.